'स' शिकवायचा असेल, तर सशाला थोडे दिवस बाजूला ठेवा

साडेतीन वर्षांच्या मुलीला आठवडाभरात खेळांमधून 'स' हे अक्षर कसे शिकवावे आणि त्यासाठी कापसाचा ससा, कागदाचा साप, रंगवलेला सूर्य यांपैकी कोणती हस्तकृती घ्यावी, असे आपण विचारले आहे. मी अठरा वर्षे बालवर्गाला शिकवले आहे. आपल्या प्रश्नातला कापसाचा ससा वाचला आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षीची गोष्ट आहे. आमच्या शाळेत दर आठवड्याला एक अक्षर असे आणि शुक्रवारी त्या अक्षराची हस्तकृती भिंतीवर लागलीच पाहिजे, असा मुख्याध्यापिकाबाईंचा दंडक होता. 'स'च्या आठवड्यात अर्थातच ससा ठरला. चोवीस सशांचे आकार मी आणि सहकारी बाईंनी घरी बसून कापले, कारण तीन-चार वर्षांच्या मुलांना ते कापता येणे शक्यच नव्हते. मुलांनी पाच दिवस त्यांवर कापूस चिकटवला, डोळे लावले, मिशा काढल्या. शुक्रवारी पालक आले. एका मुलाच्या वडिलांनी सशांच्या रांगेशेजारी लावलेल्या मोठ्या 'स'वर बोट ठेवून विचारले, "हे काय आहे?" मुलगा आनंदाने म्हणाला, "ससा." त्यांनी "अक्षर कोणते, ते सांग," असे म्हटले, तरी उत्तर तेच आले. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र त्याचे ओठ थरथरू लागले. मुख्याध्यापिकाबाई सर्वांसमोर म्हणाल्या, "बाईंनी सराव कमी घेतलेला दिसतो," आणि सोमवारपासून प्रत्येकाकडून रोज पानभर 'स' लिहून घ्यायचा हुकूम झाला.

मी त्या दिवशी गप्प बसले, याची खंत मला अजून आहे. त्या मुलाचे उत्तर चुकलेले नव्हते. आम्ही त्याला पाच दिवस जे शिकवले, तेच त्याने सांगितले. त्याची बोटे सशाच्या कानांवरून, पाठीवरून, शेपटीवरून फिरली होती. 'स'च्या वळणावरून ती एकदाही फिरली नव्हती. त्याच्या कानांवर 'ससा' हा शब्द शंभरदा पडला होता, पण त्या शब्दातला आवाज वेगळा काढून कोणी ऐकवला नव्हता. अक्षर म्हणजे एक आवाज आणि त्या आवाजाची एक आकृती. ज्या खेळात या दोहोंपैकी एकही गोष्ट मध्यभागी नाही, तो खेळ कितीही रंजक असला तरी अक्षराचा खेळ नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आवाजापासून सुरुवात करावी. 'स' लांबवता येतो, ही त्याची मोठी सोय आहे. 'क' किंवा 'ट' असा ताणता येत नाही. परंतु मराठीत एक अडचण येते, जिचा विचार फारसा कोणी करत नाही. 'साप', 'सूर्य', 'सिंह' हे शब्द आपण 'स'चे म्हणून सांगतो, पण मुलाच्या कानाला ते 'सा', 'सू', 'सिं' असे ऐकू येतात आणि पाटीवर दिसणारा 'स' त्यांत बिनमात्रेचा कुठेच नसतो. म्हणून सुरुवातीला 'सरडा', 'सदरा', 'सतरंजी' असे शब्द घ्यावेत. त्याहूनही चांगले म्हणजे शब्दाच्या शेवटी येणारा 'स' ऐकवावा. बोलताना आपण शेवटचा 'अ' उच्चारत नाही, त्यामुळे 'बस', 'पाऊस', 'माणूस', 'घास' या शब्दांच्या शेवटी तो आवाज अगदी स्वच्छ, सुटा ऐकू येतो आणि हवा तेवढा लांबवता येतो. मी याला 'शेपटीचा आवाज' म्हणत असे. मी शब्द म्हणायचे आणि शेपटीला 'स्स्स्' आला की मुलांनी जमिनीवर लोळण घ्यायची, 'हात' किंवा 'पान' असा दुसरा शब्द आला तर ताठ उभे राहायचे. एवढाच खेळ, पण वर्ग तो सोडायला तयार नसे.

आकृतीसाठी खडूने जमिनीवर मुलाच्या उंचीएवढा 'स' काढावा आणि त्यावरून चालावे. आधी 'र'चे वळण, मग आडव्या रेघेचा पूल ओलांडून दंडापर्यंत, मग दंडावरून वरून खाली आणि शेवटी शिरोरेषेवरून डावीकडून उजवीकडे. चालताना तोंडाने तोच आवाज चालू ठेवायचा. मग तेच वळण ताटात पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने काढायचे. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, सुरू केले आणि खरखरीत कागदाची अक्षरे पाटीवर चिकटवून मुलांना ती दोन बोटांनी गिरवायला दिली. त्यात त्यांनी डोळा, स्पर्श आणि उच्चार या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी एकत्र आणल्या. ते साधन आजही कोणालाही घरी करता येते. त्यांची विचारण्याची पद्धतही तितकीच मोलाची आहे. आधी 'हा स' असे सांगायचे, मग दोन-तीन अक्षरांतून 'स कुठे आहे, दाखव' असे म्हणायचे आणि ते सहज जमू लागल्यावरच 'हे काय आहे?' असे विचारायचे. त्या वडिलांनी थेट तिसरा प्रश्न विचारला आणि आम्ही पहिल्या दोन पायऱ्या घेतल्याच नव्हत्या. सोबत ठेवायची अक्षरे मात्र आधी 'म', 'ट' अशी वेगळ्या घडणीची असावीत. 'र' आणि 'ख' यांचे वळण 'स'सारखेच सुरू होते, म्हणून ती अक्षरे शेजारी आणायची घाई करू नये.

पानभर लिहिण्याच्या हुकमाचे पुढे असे झाले की, मी तो पाळला नाही. महिनाभर वाळू, खडू आणि शेपटीचा आवाज एवढेच घेतले. भिंती रिकाम्या राहिल्या आणि त्याबद्दल मला लेखी समज मिळाली. एके दिवशी शाळा सुटताना फाटकातून बस बाहेर पडली, तेव्हा तोच मुलगा माझा पदर ओढून म्हणाला, "बाई, बस्स्स्. शेपटीला 'स' आहे." त्याने मग खाली बसून फाटकाजवळच्या मातीत बोटाने तो काढून दाखवला. दंड आणि वळण उलटसुलट झाले होते. या वयात अक्षरे आरशातल्यासारखी उलटी निघणे अगदी स्वाभाविक असते, त्यामुळे मी तेथे काहीही दुरुस्त केले नाही.

आपण आठवड्याची मुदत घातली आहे. ती काढून टाकावी. काही मुलांना चार दिवस पुरतात, काहींना सहा आठवडे लागतात, आणि साडेतीन वर्षांच्या मुलीने पेन्सिल धरून 'स' लिहिलाच पाहिजे, याला काही आधार नाही. दुसरे असे की, 'स' हा आवाज बऱ्याच मुलांच्या जिभेवर उशिरा बसतो. मुलगी 'ससा'ला 'तता' किंवा 'शशा' म्हणत असेल, तर तिला टोकू नये, आपण फक्त स्वच्छ उच्चार ऐकवत राहावे. चार वर्षांनंतरही बोलणे परक्या माणसाला समजत नसेल, तर वाचा-उपचारतज्ज्ञांना दाखवावे. हस्तकृतींनाही माझा सरसकट विरोध नाही. चिकटवणे, फाडणे, मळणे यांनी बोटांत बळ येते आणि ते पुढे लिहिताना उपयोगी पडते. मात्र त्या वेळेला हस्तकलेचा वेळ म्हणावे, अक्षराचा म्हणू नये.

आणि कापूस घरात आणलाच असेल, तर तो सशाच्या अंगावर न लावता जाड पुठ्ठ्यावर काढलेल्या मोठ्या 'स'वर लावू द्यावा, वळण जसे लिहितात त्याच क्रमाने, आणि प्रत्येक बोंडागणिक तिला 'कापूस' हा शब्द शेपटी लांबवून म्हणू द्यावा. आमच्या वर्गातली चोवीस मुले तो आवाज पाच दिवस चिमटीत धरून बसली होती आणि आमच्यापैकी एकीनेही त्यांना तो ऐकवला नव्हता.