चष्म्याच्या डबीतली गोळी

"या गोळ्यांची सवय लागते का हो? आणि हृदयावर काही परिणाम?"

ताठरतेची तक्रार घेऊन येणारे बहुतेक पुरुष हे दोन प्रश्न शेवटी, निघता निघता विचारतात. या गृहस्थांनी मात्र बसल्या बसल्याच विचारले. वय ५४. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायची परवानगी त्यांनीच दिली.) दीड वर्षापासून लिंगाला पुरेशी ताठरता येत नव्हती, आली तर टिकत नव्हती. पत्नीशी बोलणं नाही, डॉक्टरांशी तर नाहीच. एका मित्राने गोळी दिली होती.

"आणलीय का?" मी विचारलं. त्यांनी चष्म्याची डबी उघडली. चष्म्याखाली रुमालाच्या तुकड्यात गुंडाळलेल्या दोन गोळ्या होत्या, कात्रीने कापलेल्या स्ट्रिपमधल्या. नाव कापलं गेलं होतं, मागे नुसता १०० हा आकडा उरला होता. एक घेऊन झाली होती. "काहीच झालं नाही. पुढच्या वेळी दोन घेऊ का?"

तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे गेलं. तिथे एक लहानशी बाटली होती. "ही छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची. हृदयाच्या डॉक्टरांनी दिलीय, कायम जवळ ठेवायला सांगितलंय."

माझ्या पोटात गोळा आला. एक औषध खिशात, एक डबीत, आणि या दोघांची गाठ पडली तर काय होईल हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण? हृदयाच्या डॉक्टरांना डबीतली गोळी ठाऊक नव्हती, मित्राला खिशातली.

मी समुपदेशक आहे, औषधं लिहून देत नाही. पण त्या दिवशी पुढचं सगळं बाजूला ठेवून आधी हेच समजावलं. सिल्डेनाफिल, टाडालाफिल ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात, म्हणून लिंगात रक्त भरतं. जिभेखालची नायट्रेटची गोळीही रक्तवाहिन्याच सैल करते. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकदम कोसळतो, माणूस बेशुद्ध पडू शकतो, जिवावर बेतू शकतं. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि टाडालाफिल घेतल्यावर किमान ४८ तास नायट्रेट चालत नाही. त्या काळात छातीत दुखलं तर जिभेखाली काही न ठेवता थेट रुग्णालय गाठायचं, आणि कोणती गोळी किती वाजता घेतली ते तिथे पहिल्यांदा सांगायचं. लाजायचं नाही. प्रोस्टेटसाठी किंवा रक्तदाबासाठी अल्फा ब्लॉकर चालू असेल तर तेही डॉक्टरांना कळायला हवं, कारण त्यानेही रक्तदाब खाली येतो.

ते बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे त्या रात्री मी वाचलो."

आता त्यांचे प्रश्न. शरीराला या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. गोळीशिवाय जमणारच नाही अशी धास्ती मनात बसू शकते, तिच्यावर आम्ही नंतर काम केलं. गोळी 'चालली नाही' त्याचं कारणही सापडलं: भरपेट, तेलकट जेवून उठल्यावर त्यांनी ती घेतली आणि दहा मिनिटांत वाट बघत बसले. सिल्डेनाफिलला साधारण तासभर लागतो, जड जेवणाने आणखी उशीर होतो. शिवाय ही गोळी इच्छा निर्माण करत नाही. स्पर्श, जवळीक, उत्तेजना असेल तरच ती कामाला येते. ते अंधारात पाठ करून पडून होते, गोळी काय करणार? आणि १०० मिलिग्रॅम हा सिल्डेनाफिलचा कमाल डोस, तोही २४ तासांत एकदाच. दोन घेणं म्हणजे परिणाम दुप्पट नव्हे, धोका मात्र जास्त. चार तासांहून अधिक ताठरता राहिली किंवा अचानक दिसेनासं, ऐकू येईनासं झालं, तर ती तातडीची बाब असते.

ताठरता कमी होणं हे पुष्कळदा हृदयविकार किंवा मधुमेहाची आधीची खूण असते, कारण लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, आधी अरुंद होतात. हे मी सगळ्यांनाच सांगते. यांच्या बाबतीत हृदयाचं आधीच माहीत होतं, साखर मात्र वाढलेली निघाली.

दुसऱ्या भेटीला पत्नी आल्या. त्या खाली बघूनच म्हणाल्या, "मला वाटलं, ह्यांचं माझ्यावरून मन उडालंय." यजमानांनी चमकून मान वर केली. दीड वर्ष दोघं एकाच खोलीत आपापल्या समजुतीत झोपत होते. त्या दिवशी औषधाचा विषयच निघाला नाही, निघायची गरजही नव्हती.

हृदयाच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. वर्षभरात नायट्रेटची गरज पडलीच नव्हती. औषधं बदलून ते बंद केलं, आणि मग सिल्डेनाफिलची २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दिली, स्वतः लिहून.

शेवटच्या भेटीत त्यांनी एक घडी घातलेला कागद दाखवला. सगळ्या औषधांची यादी, नाव, डोस, वेळ. खालून दुसऱ्या ओळीत सिल्डेनाफिल, इतर नावांइतक्याच ठळक अक्षरात. "हिच्या पर्समध्येही एक ठेवलाय," ते म्हणाले. "मी बोलायच्या अवस्थेत नसलो तर ही सांगेल."