श्रद्धेमुळे काहीतरी बिघडले पाहिजे: रिजन्सी काळावर प्रेमकथा लिहिणाऱ्या नवोदित लेखिकेस पत्र

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

हस्तलिखित मिळाले आणि सावकाश वाचले. लंडनमधील दिवाणखाने, घोडागाड्यांची वर्दळ, नायिकेच्या मावशीचा तिखट स्वभाव हे सारे तुला चांगले साधले आहे. मावशीचे संवाद तर मी मागे जाऊन पुन्हा वाचले. अडचण आहे ती श्रद्धेची. नायिका नृत्यसमारंभातून परतते, मेणबत्तीच्या उजेडात बायबल उघडते, एक वचन वाचून डोळे पुसते आणि दुसऱ्या दिवशी कथा जिथे थांबली होती तिथूनच पुढे चालू लागते. ही पाने काढून टाकली तरी कथानकाचा एक धागाही उसवत नाही. ज्या कादंबरीला ख्रिस्ती प्रेमकथा म्हणायचे, तिच्यात श्रद्धेमुळे कोणाचे तरी काहीतरी बिघडले पाहिजे: ठरत आलेले लग्न, मिळू घातलेला वारसा, निदान रविवारच्या जेवणाचे आमंत्रण तरी.

त्यासाठी आधी त्या समाजाची धार्मिक घडी समजून घे. तिसऱ्या जॉर्ज राजाच्या आजारपणामुळे फेब्रुवारी १८११ मध्ये युवराज रीजंट, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, झाला आणि जानेवारी १८२० मध्ये राजाचे निधन होईपर्यंत तो कारभार पाहत राहिला, एवढाच हा रिजन्सी काळ. या काळातील उमरावांच्या घरात ख्रिस्ती असणे हा कोणाचा निर्णय नव्हता. ऑक्सफर्डमध्ये नाव घालायचे तर चर्च ऑफ इंग्लंडच्या, म्हणजे तिथल्या अधिकृत चर्चच्या, श्रद्धेच्या ३९ कलमांवर सही करावी लागे, सरकारी पदासाठी त्याच चर्चमध्ये प्रभुभोजन घेण्याची कायद्याची अट १८२८ पर्यंत कागदोपत्री कायम होती आणि कॅथलिकांना पार्लमेंटमध्ये बसण्याची मुभा १८२९ मध्ये मिळाली. म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रकरणात नायिका नायकाविषयी जो प्रश्न विचारते, ‘ते देवाला मानतात का?’, तो त्या दिवाणखान्यात कोणाला सुचलाच नसता. तिथला प्रश्न वेगळा होता, आणि तो काळजीच्या नव्हे तर संशयाच्या स्वरात विचारला जाई: हे गृहस्थ धर्म खरोखरच मनावर घेतात की काय?

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झगडणारे खासदार विल्यम विल्बरफोर्स यांनी १७९७ मध्ये ग्रंथ लिहिला तो नेमक्या याच मुद्द्यावर, वरच्या आणि मधल्या वर्गाच्या नावापुरत्या धर्मावर. लंडनच्या दक्षिणेला क्लॅपम येथे त्यांचे स्नेही राहत असत. बँकर हेन्री थॉर्नटन, झॅकरी मकॉले आणि तिथले रेक्टर (मुख्य पाळक) जॉन व्हेन ही त्यांतली ठळक नावे. कुचेष्टेने लोक या मंडळींना ‘संत’ म्हणत. मात्र हे कोपऱ्यातले लोक होते असे समजू नकोस. पंतप्रधान स्पेन्सर पर्सिव्हल हे याच वळणाचे श्रद्धावान गृहस्थ, आणि ११ मे १८१२ रोजी हाउस ऑफ कॉमन्सच्या लॉबीत त्यांना गोळी घालून ठार मारण्यात आले. तुझी कथा १८१२ च्या एप्रिल ते जूनमध्ये लंडनच्या ऐन सीझनमध्ये, म्हणजे उमरावांच्या समारंभांच्या हंगामात, घडते, आणि तरीही ही बातमी तुझ्या एकाही पात्राच्या कानावर जात नाही, याचे मला नवल वाटले. त्या आठवड्यात मावशी काय म्हणाली असती, एवढे लिहिलेस तरी ते प्रकरण जिवंत होईल.

आता चर्चमधला प्रसंग. तू चर्चचे वर्णन शांत, उदात्त आणि धूसर केले आहेस. त्याऐवजी तिथली बसण्याची व्यवस्था दाखव. प्रतिष्ठित कुटुंबाची स्वतःची बंदिस्त जागा असे, छातीपर्यंत उंच लाकडी भिंतींची, छोटा दरवाजा असलेली. त्या दरवाजातून आत जाताना कोण आधी, कोण मागून आणि नायिकेच्या शेजारी कोण, यावर अख्ख्या पॅरिशचे, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, लक्ष असे. गरिबांना उघडी बाके, तीही अडचणीच्या जागी. उंच व्यासपीठावरून पाळक उपदेश करतात तो सगळ्यांना सारखाच, परंतु ऐकू येतो तो आपापल्या जागेच्या भाड्याप्रमाणे. नायिकेला एखाद्या रविवारी आपल्या दरवाजाबाहेर उभ्या असलेल्या शिवणकाम करणाऱ्या म्हातारीला आत बोलावू दे. काकांचा चेहरा कसा होतो तो लिही, म्हातारी आत यायला कशी कचरते तेही लिही, आणि उपासनेनंतर घरी परतताना गाडीत कोणी कोणाशी बोलत नाही एवढ्यावर प्रसंग सोड. अश्रूंच्या तीन पानांपेक्षा हे अधिक बोलेल.

याच प्रकरणात नायिका पियानोवर ‘अमेझिंग ग्रेस’ वाजवते. जॉन न्यूटन यांचे ते शब्द १७७९ मध्ये छापून आले होते हे खरे; पण आज आपल्या कानात असलेली चाल त्या शब्दांना अमेरिकेत १८३५ मध्ये मिळाली, म्हणून तुझ्या नायिकेला ती येणे शक्य नाही. शिवाय पॅरिश चर्चमध्ये तेव्हा प्रामुख्याने बायबलमधील स्तोत्रांची छंदोबद्ध रूपे गायली जात आणि नव्या गीतांकडे पुष्कळ पाळक मेथडिस्टांची, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडमधून फुटून निघालेल्या पंथाची, खोड म्हणून पाहत. न्यूटन स्वतः पूर्वी गुलामांच्या जहाजाचे कप्तान होते, पुढे लंडनमध्ये रेक्टर झाले आणि डिसेंबर १८०७ मध्ये वारले. मावशीने तरुणपणी त्यांचा एखादा उपदेश ऐकला होता असे दाखवता येईल; गाण्यापेक्षा ते उपयोगी पडेल.

कारण तुझ्या कथेतील खरा ऐवज तिथेच, गुलामगिरीच्या त्या जगात, दडला आहे आणि तू तो एका वाक्यात उरकला आहेस: नायिकेचा हुंडा जमैकातील उसाच्या मळ्यातून येतो. गुलामांचा व्यापार ब्रिटिश कायद्याने १८०७ मध्ये बंद झाला, परंतु मळ्यांवरची गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३३ मध्ये आला. म्हणजे १८१२ मध्ये तिचे ते पैसे कायद्याने पूर्ण निर्दोष आहेत. आता ती क्लॅपमच्या एखाद्या घरी चहाला गेली आणि तिथे साखर नाकारणारी एखादी वृद्ध बाई तिला भेटली, तर? साखरेवर बहिष्कार घालण्याची मोहीम १७९१ च्या सुमारासच झाली होती, त्यामुळे अशी बाई कल्पनेतून ओढून आणावी लागत नाही. पुढचे सगळे पेच आपोआप उभे राहतात. नायिका अजून एकवीस वर्षांची झालेली नाही, पैसे विश्वस्तांच्या हाती आहेत आणि नायकाच्या गहाण पडलेल्या इस्टेटीला नेमक्या त्याच पैशांची गरज आहे. लग्नानंतर बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होत असल्यामुळे दोन्हीकडचे वकील आधी बसून करारनामा करीत; तिचा हातखर्च किती, विधवा झाली तर तिला वर्षाला किती, मुलांना किती, हे सारे त्यात येई. तुझ्या कादंबरीतला सर्वांत धार्मिक प्रसंग त्या वकिलाच्या टेबलाशी घडायला हवा.

नायकाच्या धाकट्या भावालाही असेच वागव. वडिलार्जित इस्टेट थोरल्याला जाई, म्हणून धाकटे सैन्यात, नौदलात, वकिलीत किंवा चर्चमध्ये जात. पॅरिशवर पाळक नेमण्याचा हक्क बहुधा एखाद्या जमीनदाराच्या हाती असे, तो हक्क विकत घेता येई, आणि एकाच रेक्टरकडे दोन-तीन पॅरिशांचे उत्पन्न जमून प्रत्यक्ष काम वर्षाला पन्नासेक पौंडांवर राबणारा क्युरेट (दुय्यम पाळक) करीत असे. तुझा धाकटा भाऊ पुढे चांगला पाळक होणार आहे. तर मग त्याला ही जागा कोणाच्या मेहरबानीने मिळते आणि पहिल्या उपदेशात तो काय बोलायचे टाळतो, ते दाखव.

लग्नाच्या कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. १७५४ पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार क्वेकर (एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू वगळता सर्वांचे लग्न चर्च ऑफ इंग्लंडमध्येच व्हावे लागे, तीन रविवार जाहीर घोषणा करून किंवा परवाना काढून, आणि तेही सकाळी आठ ते दुपारी बाराच्या दरम्यान. कँटरबरीच्या आर्चबिशपचा खास परवाना असेल तरच वेळेची आणि जागेची सूट मिळे. तेव्हा मेथडिस्टांच्या छोट्या प्रार्थनामंदिरात संध्याकाळी तू लावून दिलेले लग्न कायद्याने लग्नच ठरत नाही, आणि तुझी नायिका कादंबरीच्या शेवटी अविवाहितच राहते.

नृत्याच्या बाबतीत तू दोन दगडांवर पाय ठेवला आहेस. किंग स्ट्रीटवरच्या आल्मॅक्स या सभागृहात बुधवारी होणारे नृत्य, प्रवेशपत्रिका देणाऱ्या उमराव स्त्रियांचा दरारा, एवढ्या थाटात मिळणारे पातळ ब्रेड-बटर आणि लिंबू सरबत, हे तू मजेदार लिहिले आहेस. पण वॉल्ट्झ हा जोडीदाराला कवेत घेऊन करायचा नाच १८१६ च्या जुलैतसुद्धा ‘टाइम्स’ला अग्रलेखातून निषेध करण्याइतका अशिष्ट वाटत होता, १८१२ मध्ये क्लॅपमकडे मन ओढलेली मुलगी तो निःसंकोच करते हे पटत नाही. तिने नाचू नये असे मी म्हणत नाही. तिला आवडते म्हणूनच तिची ओढाताण होऊ दे.

याउलट, ही मंडळी प्रेमाच्या बाबतीत कोरडी होती असा समज करून घेऊ नकोस. विल्बरफोर्स सदतीस वर्षांचे असताना त्यांना १७९७ च्या एप्रिलमध्ये बाथ येथे बार्बरा स्पूनर भेटल्या, थोड्याच दिवसांत त्यांनी मागणी घातली, मित्र ‘जरा थांबा’ म्हणत राहिले आणि ३० मे रोजी लग्न झालेसुद्धा. कादंबऱ्यांविषयी मात्र या वर्तुळात दाट नापसंती होती, आणि तरीही याच वर्तुळातल्या हॅना मोर यांनी १८०८ मध्ये योग्य पत्नीच्या शोधात निघालेल्या तरुणाची कादंबरी लिहिली आणि ती तडाखेबंद खपली. तुझ्या नायिकेच्या उशीखाली तेच पुस्तक असू दे. मावशीची परवानगी असलेली एकमेव कादंबरी म्हणून.

शेवटच्या प्रकरणात नायकाचे परिवर्तन होते आणि पुढच्याच पानावर त्याला होकार मिळतो. ही मांडणी मला खटकते. ख्रिस्तावर विश्वास न ठेवणाऱ्या जोडीदाराशी संबंध जोडू नये ही बायबलमधील पौलाची ताकीद तुझ्या नायिकेने मनावर घेतली आहे, हे ठीक. परंतु वाचकाला अशाने पश्चात्ताप हा लग्नाचा परवाना वाटू लागतो. त्याचे मन बदलायचेच असेल तर तिने नकार दिल्यानंतर, ती पुन्हा भेटण्याची आशा संपल्यावर, त्या मळ्याच्या पैशांविना इस्टेट कशी चालवायची याचा हिशेब मांडताना बदलू दे. तिला ते कळावे कोणाकडून तरी, उशिरा आणि अर्धवट.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट. बाथला विश्रांती घेणारा तुझा कर्नल हिंदुस्थानात लढून परतला आहे, पण कुठे ते तू सांगत नाहीस. त्याला २३ सप्टेंबर १८०३ च्या, मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत ठेव. तिथे सेनापती होते ते आर्थर वेलस्ली, पुढचे वेलिंग्टन. मराठी वाचक असईच्या नावाशी थबकेल आणि कर्नलच्या शौर्यकथा जरा वेगळ्या कानांनी ऐकेल. कथा १८१३ पर्यंत नेणार असशील तर त्या वर्षी कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण झाले आणि मिशनऱ्यांना हिंदुस्थानात वाट मोकळी व्हावी म्हणून क्लॅपमच्या मंडळींनी जंग जंग पछाडले, हेही लक्षात असू दे. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले होते आणि त्यांना निघून जाण्याचे हुकूम मिळत होते. बंगालमधील सेरामपूरला मराठी नवा करार (बायबलचा दुसरा भाग) १८११ मध्येच छापला गेला होता, आणि १८०४ मध्ये स्थापन झालेल्या बायबल सोसायटीकडून सेरामपूरच्या भाषांतरांना मदत जात असे. नायिका त्या सोसायटीला वर्गणी देते, आणि ती वर्गणी मळ्याच्या पैशांतून जाते, हे कर्नलने भर जेवणात बोलून दाखवले तर बघ काय होते.

पुढच्या खेपेला संपूर्ण हस्तलिखित पाठवू नकोस. वकिलाच्या टेबलाचे प्रकरण आणि त्यानंतरचा रविवार, एवढेच नव्याने लिहून पाठव. मावशीला दोन्हीकडे हजर ठेव.

कळावे, लोभ असावा.

तुझा हितचिंतक