आजोबांच्या पत्रातलं 'अल्टिमो' म्हणजे नेमकं कधी?

प्रश्न : माझे आजोबा सीपी अँड बेरारच्या काळात इथंच सिव्हिल लाइन्समध्ये सरकारी नोकरीत होते. त्यांच्या जुन्या इंग्रजी पत्रांत 'युअर लेटर ऑफ द ट्वेल्थ अल्टिमो', 'ऑन द थर्ड इन्स्टंट' असं सारखं येतं. हे कधीचं समजायचं? आणि माझा मुलगा अमेरिकेत ऑफिसात 'फोर्टनाइट' बोलला तर समोरच्याला कळलंच नाही, तोही शब्द गेला का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : पत्रं जपलीत हे फार छान केलंत. अल्टिमो म्हणजे मागचा महिना, इन्स्टंट म्हणजे चालू, प्रॉक्झिमो म्हणजे पुढचा, तिन्ही लॅटिनमधून आलेले आणि ऑफिसच्या पत्रांत अगदी रोजचे, कधी नुसतं 'अल्ट.' 'इन्स्ट.' एवढंच लिहायचे. महिना मात्र पत्राच्या तारखेवरून धरायचा. म्हणजे पत्र 5 मार्च 1948 चं असेल तर ट्वेल्थ अल्टिमो म्हणजे 12 फेब्रुवारी आणि थर्ड इन्स्टंट म्हणजे 3 मार्च.

फोर्टनाइट कुठं गेला नाही, आपल्याकडे आणि इंग्लंडात धडधाकट आहे, अमेरिकेत तेवढा चालत नाही, तिथं सरळ 'टू वीक्स' म्हणायचं. मूळ अर्थ चौदा रात्री. सात रात्रींचा 'सेनाइट' पण होता, तो बिचारा मेला. जुने जर्मन लोक दिवस नाही तर रात्री मोजतात असं रोमन इतिहासकार टॅसिटसनं लिहून ठेवलंय, इंग्रजी त्याच घराण्यातली.

मला खरी हळहळ वाटते ती 'ओव्हरमॉरो'ची. उद्याच्या नंतरचा परवा, एका शब्दात! कालच्या आधीच्या परव्यासाठी 'एरयेस्टरडे' वेगळा, म्हणजे आपल्या परव्यासारखा घोळ नाही, आणि एवढी चांगली सोय सोडून इंग्रजी आता 'द डे आफ्टर टुमॉरो' म्हणत बसते. जर्मनमध्ये दोन्ही अजून रोज बोलतात.

जुनं इंग्रजी वाचताना अजून एक सांभाळा. 'अनॉन', 'प्रेझेंटली', अगदी आपला साधा 'सून' सुद्धा, तिन्हींचा अर्थ आधी 'ताबडतोब' असा होता, मग लोक 'ताबडतोब' म्हणून उशीर करत गेले तसा तो सरकत 'थोड्या वेळानं'वर आला, त्यामुळे शेक्सपिअरच्या काळातलं काही वाचाल तर आजचा अर्थ लावण्याआधी जरा थांबा.

आणि हो, ज्या पत्रावर वर तारीख नाही त्याचं पाकीट टाकू नका. पोस्टाच्या शिक्क्यावर महिना दिसला तरच अल्टिमो कोणता ते ठरवता येईल.