अमोनिया ट्रेनिंगसाठी व्हीआर घ्यावं का – माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. मिरजोळ्यात फिश प्रोसेसिंग युनिट, ऐंशीएक कामगार, त्यात निम्म्याहून जास्त पीलिंगच्या म्हणजे कोळंबी सोलणाऱ्या बायका, आणि वेंडर म्हणतोय सहा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवायचा, आत खोटं जग खऱ्यासारखं दाखवणारा चष्मा) घ्या म्हणजे सेफ्टी ट्रेनिंग सुटलं. कोकणातल्या केमिकल आणि कोल्ड स्टोरेजवाल्यांकडे बरीच वर्षं सेफ्टी ट्रेनिंग देतोय म्हणून सांगतो, सहा घेऊ नका. दोन भाड्याने घ्या, आणि तेही फक्त कॉम्प्रेसर रूमची (जिथून थंडाव्यासाठी अमोनिया फिरवतात) माणसं आणि रात्रपाळीचे सुपरवायझर यांच्यासाठी.

वेंडरने "व्हीआरमध्ये माणूस चौपट वेगाने शिकतो" ही स्लाइड दाखवलीच असणार. तो आकडा पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीच्या २०२० च्या अभ्यासातला आहे, आकडा खरा आहे पण तो अभ्यास मॅनेजर लोकांच्या सॉफ्ट स्किल्सवर होता, वॉल्व्ह फिरवण्यावर नाही. त्यातच असंही आहे की क्लासरूमच्या खर्चाची बरोबरी व्हायला ३७५ माणसं लागतात, ते स्लाइडवर कोण लिहील! वॉलमार्टने २०१८ मध्ये १७,००० हेडसेट घेतले हेही सांगतील, पण त्यांची दुकानंच हजारोंनी आहेत हो.

आता व्हीआर खरंच कुठे कामाला येतं ते सांगतो. ऑइल ड्रेन, म्हणजे अमोनियाच्या सिस्टीममध्ये साचलेलं कॉम्प्रेसरचं तेल काढणं. तुमच्या ऑपरेटरला विचारा, ते तेल साचतं त्या ऑइल पॉटचा वॉल्व्ह उघडला की थंड घट्ट तेल लगेच येत नाही, मग माणूस अजून थोडा उघडतो, अजून थोडा, आणि तेल संपलं की एकदम अमोनिया फुसकन बाहेर. हे मॉक ड्रिलमध्ये खरं करून दाखवता येत नाही, आणि वर्गात नुसतं सांगून डोक्यात राहत नाही. व्हीआरमध्ये तो वॉल्व्ह जास्त उघडतो, पांढरा ढग येतो, आणि पुढच्या काही सेकंदात त्याने कुठे पळायचं ठरवलं ते तुम्हाला बाहेर स्क्रीनवर दिसतं. दुसरं म्हणजे पाणी. जमिनीवर लिक्विड अमोनियाचं थारोळं दिसलं की कोणाचाही हात आधी पाण्याच्या होजकडे जातो, पण थारोळ्यावर पाणी मारलं की ते अजून जोरात उकळतं (उणे ३३ डिग्रीला उकळणारी वस्तू ती, आपलं नळाचं पाणी तिच्यासाठी निखाराच). पाण्याचा फवारा फक्त वाफेवर. असले निर्णय दहा वेळा चुकायला मिळाले तर अकराव्याला बरोबर येतात, आणि तिथे चुकलं तरी कोणी भाजत नाही.

पण वास येत नाही. डोळ्याला झोंबत नाही, घाम असतो तिथे आग होत नाही, पाठीवर श्वासाच्या सिलेंडरचं ओझं नाही, गंजून अडकलेला वॉल्व्ह हाताला लागत नाही. आपल्या खाऱ्या हवेत वॉल्व्ह किती अडकतात ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून सिलेंडर चढवणं, वॉल्व्ह बंद करणं हे प्रत्यक्षच करून घ्यायचं. आणि पीलिंगच्या बायकांना हेडसेट नकोच, त्यांना विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी खांबावरची कापडी नळी) बघून वाऱ्याला आडवं कसं निघायचं आणि कुठल्या गेटने, हे पायी चालवून घ्या. तरीही कोणाला हेडसेट लावणार असाल तर अंबाडा घातलेल्या बाईला मागचा पट्टा बसतच नाही, तो टोचत राहतो आणि तिचं सगळं लक्ष तिथेच.

व्हीआरचं रेडिमेड ट्रेनिंग मॉड्यूल घेऊ नका, त्यात कुठलीतरी चकाचक परदेशी फॅक्टरी असते आणि आपला माणूस ती बघून "आपल्याकडं असा नाय" म्हणून मोकळा. चहूबाजूंचं एकदम टिपणाऱ्या ३६० कॅमेऱ्याने तुमचीच कॉम्प्रेसर रूम शूट करून घ्या. त्यात वस्तू हाताळता येत नाहीत, पण व्हिडिओ मध्येच थांबवून "आता काय करशील?" विचारता येतं, तेवढं पुष्कळ होतं. आवाज हिंदी आणि मराठीत, इंग्रजीत अजिबात नको.

वेळ म्हणाल तर जून-जुलै, बोटी बंद, युनिटला काम कमी. फक्त त्याच दिवसांत दमटपणा असा की लेन्सवर वाफ धरते आणि पेटीत ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागते, तर सिलिका जेल टाकून हवाबंद डब्यात ठेवा. लेन्स कोरड्या मायक्रोफायबरने पुसायच्या, सॅनिटायझरने नाही. चेहऱ्याला लागणारा फोम काढून सिलिकॉनचं कव्हर बसवा नाहीतर तिसऱ्या माणसाला वासानेच नको होतं, आणि कोळंबीच्या युनिटमध्ये मी हे म्हणतोय म्हणजे बघा. हेडसेट खिडकीत उन्हात ठेवू नका, लेन्समधून ऊन आत गेलं की स्क्रीन जळते.

पहिल्यांदा बसवूनच द्या, पंधरा मिनिटांच्या वर नको. डोळ्याला चालल्यासारखं वाटतं आणि कानातलं तोल सांभाळणारं यंत्र म्हणतं आपण बसलोय, मग मळमळतं. आयुष्यभर बोट लागली नाही अशा खलाश्यालाही इथे लागू शकते. फिटचा त्रास असलेल्याला देऊच नका, आणि ज्याला गरगरलं त्याला लगेच बाइकवर बसू देऊ नका.

वेंडरला एकच विचारा, प्रत्येक माणसाने कुठल्या पायरीला काय चूक केली याचा रेकॉर्ड मिळतो का, की नुसतं "कम्प्लिटेड" येतं. नुसतं कम्प्लिटेड येत असेल तर भाड्यानेही घेऊ नका, तेच पैसे ऑइल ड्रेनला आपोआप बंद होणारा स्प्रिंगचा वॉल्व्ह बसवायला वापरा. तो आहे का तुमच्याकडे? तो बघून कळवा आधी.