डेटाबेसच्या संशोधनासाठी माझा पाया पुरेसा आहे का?

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील गावातून ये-जा करून मी संगणकशास्त्रात बी.एस्सी. केले, आता एम.एस्सी.ला आहे. डेटाबेसमध्ये संशोधन करायचे आहे, पण पदवीला एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेपलीकडे फारसे शिकले नाही. ही पार्श्वभूमी अपुरी ठरेल का?
– एक विद्यार्थिनी, जि. यवतमाळ

उत्तर : अपुरी नाही, एकांगी आहे, आणि ती उणीव भरून निघते. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेले रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांत मांडण्याची पद्धत) संच आणि तर्कशास्त्रावर उभे असल्याने आधी गणिताचा हा भाग पक्का करा. नॉर्मलायझेशन, म्हणजे एकच माहिती पुन्हा पुन्हा लिहिली जाऊ नये म्हणून टेबले विभागण्याची रीत, पाठ करू नका, ते आपल्या जिनिंगमधील कापसाच्या नोंदींवर पडताळा : प्रत्येक काटापावतीवर शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक लिहिला, तर क्रमांक बदलल्यावर एखादी पावती दुरुस्त करायची राहून जाते आणि एकाच माणसाचे दोन क्रमांक उरतात, शेतकऱ्यांचे वेगळे टेबल का हवे, ते तिथेच उमगते.

खरी गोडी मात्र आतील यंत्रणेत आहे, असे मला मनापासून वाटते. चुकाऱ्याची नोंद अर्धवट असताना वीज गेली, तरी हिशेब बिघडत नाही, कारण बदल डेटाच्या मूळ पानांवर उतरण्यापूर्वी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, नोंदवलेला असतो. पोस्टग्रेस ही डेटाबेस प्रणाली मोफत असून तिचा सोर्स कोडही खुला आहे. साध्या लॅपटॉपवर लाखभर नोंदी तयार करा, इंडेक्स (नोंद पटकन शोधण्यासाठीची सूची) लावण्यापूर्वी आणि नंतर ‘एक्सप्लेन अॅनालाइझ’ ही प्रश्न कसा आणि किती वेळात सोडवला ते दाखवणारी आज्ञा चालवा आणि दिसलेला फरक वहीत लिहून मार्गदर्शकांना दाखवा.