ल्युपस असेल तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गाडीला काळी फिल्म लावता येते का?

नाही. भारतात आजारपणासाठी अशी सूट नाही, चिठ्ठी कितीही मोठ्या डॉक्टरांची असली तरी. तुम्ही लिहिलंय की तुमच्या आईंना ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) आहे, गाडीने प्रवास केला की त्यांच्या दंडावर पुरळ उठतं, आणि न्यूयॉर्कच्या मामेभावाला याच आजारासाठी परवानगी मिळाली. त्याचं बरोबर आहे. तिथे पुढच्या आणि बाजूच्या काचांतून किमान 70 टक्के प्रकाश जायलाच हवा, पण ल्युपस, पॉर्फिरिया (रक्तातले घटक बनण्यातला बिघाड), अल्बिनिझम (जन्मतः रंगद्रव्याचा अभाव) अशा ठरावीक आजारांची यादी केलेली आहे. डॉक्टरांनी फॉर्म भरून दिला की अर्ज करता येतो.

आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 100 लागू होतो. पुढची-मागची काच 70 टक्के, बाजूच्या 50 टक्के. 27 एप्रिल 2012 ला सर्वोच्च न्यायालयाने त्याही पुढे जाऊन सांगितलं की टक्केवारी काहीही असो, काचेवर काळी फिल्म किंवा इतर काही चिकटवायचंच नाही. सूट मिळाली ती झेड आणि झेड प्लस सुरक्षा असलेल्यांना. मी स्वतः ल्युपसची पेशंट आहे आणि हे मला अजिबात पटत नाही. जिवाला धोका असलेल्या पुढाऱ्यासाठी अपवाद काढता येतो, तर उन्हाने आजार उसळणाऱ्या माणसासाठी का नाही?

1 एप्रिल 2021 पासून नियमात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ (प्लास्टिकचा थर असलेली सुरक्षित काचही चालेल अशी तरतूद) आलं आणि केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये 70-50 चं प्रमाण पाळणारी फिल्म चालेल असा निकाल दिला. म्हणून दुकानदार बिनधास्त सांगतात, ‘मॅडम, आता चालतं.’ महाराष्ट्रात मात्र रस्त्यावर 2012 चा निकाल पुढे केला जाऊ शकतो, चलान होऊ शकतं, फिल्म काढायलाही लावतील. शिवाय टक्केवारी काच आणि फिल्म मिळून मोजतात. तुमची काच मुळातच 72 टक्के प्रकाश सोडत असेल आणि तिच्यावर 65 टक्के प्रकाश सोडणारी फिल्म लावली, तर उरतो 47 टक्के. म्हणजे दिसायला फिकट असूनही नियमाबाहेर.

आता मुद्द्याचं सांगते. ल्युपसच्या पेशंटना त्रास देतात ते मुख्यतः उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण, आणि काच काळी असण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. पूर्ण पारदर्शक काचही ते अडवू शकते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात तर त्वचारोगतज्ज्ञाच्या पत्रावर जी फिल्म लावता येते ती स्वच्छ, रंगहीन, पारदर्शकच असावी लागते. पुढची काच दोन थरांची असते, मधल्या प्लास्टिकच्या पडद्यात हे किरण अडकतात. बाजूची काच बहुतेक गाड्यांत एकेरी असते. 2016 साली अमेरिकेत 29 गाड्या तपासल्या, तेव्हा पुढच्या काचेने सरासरी 96 टक्के यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) अडवले होते. बाजूच्या काचांची सरासरी 71 टक्के होती आणि गाडीगणिक ती 44 पासून 96 टक्क्यांपर्यंत बदलत होती! आईंच्या दंडावर पुरळ का उठतं, त्याचं उत्तर बहुधा इथेच आहे.

म्हणून खर्च करायचाच असेल तर बाजूच्या काचांवर करा. कंपनीची यूव्ही कट काच किंवा बाजूलाही दोन थरांची काच असलेलं मॉडेल मिळालं तर सर्वांत उत्तम, कारण त्यात वरून काही चिकटवावंच लागत नाही. फिल्मच्या दुकानात दिव्यासमोर हात धरायला लावतात आणि ‘बघा, चटका लागत नाही’ म्हणतात. तो दिवा उष्णतेचा असतो. चटका कमी झाला म्हणजे अतिनील किरण अडले असं होत नाही. यूव्ही मीटर काचेमागे धरून आकडा दाखवायला सांगा, नसेल तर दुसरं दुकान गाठा.

काही आजारांत ही पारदर्शक काचेची युक्ती चालत नाही. प्रोटोपॉर्फिरियात, म्हणजे पॉर्फिरियाच्या एका प्रकारात, डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा त्वचेला भाजतो, डोळ्यांच्या काही विकारांत साधा उजेडही सोसत नाही. अशा पेशंटना अंधारलेली काच खरोखरच लागते. सूट मिळायला हवी ती आधी त्यांना, आणि त्यासाठी सरकारने यादी व फॉर्म ठरवायलाच हवेत.

आईंसाठी तोवर पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीचा कपडा, हातांना-मानेला सनस्क्रीन आणि बसायची बाजू एवढं पाळा. पुण्याहून सकाळी मुंबईला निघालात तर ऊन बहुतेक वाट उजवीकडून येतं, आणि संध्याकाळी परततानाही उजवीकडूनच. त्यांना दोन्ही वेळा डाव्या खिडकीशी बसवा. पुरळ तरीही उठत राहिलं तर औषधाचा डोस बघायला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (ल्युपससारख्या आजारांच्या तज्ज्ञाकडे) न्या, सगळा दोष काचेवर टाकू नका.