रोप द्या, माती ठेवून घ्या

गेल्या पंधरवड्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या प्रश्नांत भाताच्या रोपवाटिकेपेक्षा घरच्या बागेचेच प्रश्न जास्त आहेत. त्यातले बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरतात: कुणीतरी प्रेमाने दिलेले रोप. शेजारणीने दिलेला गड्डा, गावाहून आणलेला वेल, भावाकडचे केळीचे मुनवे. आपल्या दमट हवेत उष्ण प्रदेशातली झाडे पटकन जीव धरतात, म्हणून इथे रोपे वाटण्याची हौसही मोठी. ही हौस वाढावी असेच मला वाटते. पण रोपाबरोबर आणखी काय काय दुसऱ्याच्या घरी जाते, हे नीट पाहिले जात नाही. म्हणून यावेळी थोडे सविस्तर लिहितो.

घोडबंदर रोडवरच्या एका ताईंचा प्रश्न: गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीत रोपांची अदलाबदल झाली. मला हेलिकोनियाचा गड्डा, अळू आणि कृष्णकमळाचा वेल मिळाला. यंदा पहिल्याच पावसात सगळ्या कुंड्यांवर मोठ्या शंखाच्या गोगलगायी फिरू लागल्या. मीठ टाकले, तरी कमी होत नाहीत. चौथ्या मजल्यावर आल्या कुठून?

ताई, त्या तुमच्या घरी पिशवीतून आल्या आहेत. मागच्या आठवड्यात अशाच एका गच्चीवर मी अळूची कुंडी पालथी केली. मातीच्या गोळ्यात बोटभर खोल, मुळांच्या मधोमध, भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पिवळट पांढरी अंडी एकमेकांना चिकटून बसलेली होती. मोजायला घेतली आणि शंभराच्या पुढे गेल्यावर थांबलो. वरून त्या कुंडीत काहीही दिसत नव्हते. ही आफ्रिकन शंखी गोगलगाय. मूळची पूर्व आफ्रिकेतली, आणि आपल्या देशात 1847 साली कोलकात्यात माणसानेच आणून सोडलेली. तिच्यात नर-मादी वेगळे नसतात, त्यामुळे प्रत्येक मोठी गोगलगाय अंडी घालू शकते. पाऊस संपला की शंखाचे तोंड पांढऱ्या पापुद्र्याने बंद करून ती मातीत पडून राहते आणि पुढच्या पावसात बाहेर येते. गेल्या वर्षी घेतलेल्या रोपाचा त्रास तुम्हाला यंदा दिसतो आहे तो यामुळेच.

कुंडीत मीठ टाकणे आधी थांबवा. गोगलगाय एखादी मरेल, पण माती खारट होऊन झाडे मात्र नक्की जातील. अंधार पडल्यावर सात-आठच्या सुमारास टॉर्च आणि बादली घेऊन बाहेर पडा. बादलीत मिठाचे दाट पाणी करा आणि सापडतील तेवढ्या गोगलगायी त्यात टाका. हातात रबरी मोजे हवेतच. या गोगलगायीच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातला एक कृमी असू शकतो आणि तो माणसाच्या शरीरात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतो. त्याच कारणाने कुंडीतली कोथिंबीर, पुदिना सध्या कच्चा खाऊ नका. दिवसा लपायला त्यांना ओली, काळोखी जागा लागते. गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट रात्री कुंड्यांजवळ पसरा आणि सकाळी उचलून त्याखाली जमलेल्या वेचा. चुना लावलेल्या कंपाउंडच्या भिंतीवरही बघा. शंख वाढवायला त्यांना चुना लागतो, म्हणून त्या भिंत खरवडत बसलेल्या सापडतात. हे सोसायटीतल्या सगळ्यांनी मिळून सलग पंधरा दिवस करायला हवे, एकट्या घराने करून भागत नाही. मेलेल्या गोगलगायी खड्ड्यात चुना घालून पुरा. नाल्यात किंवा खाडीकडे जिवंत फेकू नका. बाजारात मेटाल्डिहाइड या गोगलगायी मारणाऱ्या विषाच्या गोळ्या मिळतात आणि शेतात त्यांचा उपयोगही होतो. पण जिथे मुले खेळतात आणि कुत्री-मांजरे फिरतात अशा सोसायटीत मी त्या सुचवणार नाही, कारण कुत्र्याने त्या खाल्ल्या तर जीव जातो.

आता पुढच्या अदलाबदलीबद्दल. रोप द्या, माती ठेवून घ्या. हेलिकोनियाचा गड्डा काढताना खोड वीत-सव्वावीत उंचीवर कापा, एक-दोन फुटव्यांसह तुकडा वेगळा करा आणि बादलीभर पाण्यात मुळे स्वच्छ धुवा. सडकी, काळी मुळे छाटून टाका. मुळांवर बारीक गाठी दिसल्या तर त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मुळात शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींच्या असतात, असे रोप कुणालाही देऊ नका. धुतलेला गड्डा लिटरला दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मिसळलेल्या पाण्यात वीस मिनिटे बुडवा आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्या. धुतल्याचे पाणी बागेत न ओतता उन्हाने तापणाऱ्या सिमेंटवर ओता. घेणाऱ्याने ते आपल्या मातीत लावावे आणि तीन आठवडे इतर कुंड्यांपासून लांब ठेवावे. पिठ्या ढेकूण (रस शोषणारी कीड) असेल तर तो तेवढ्या दिवसांत पानांच्या बेचक्यात कापसासारखा दिसू लागतो. अळू, आले, हळद, अँथुरियम यांना मुळे धुतलेली चालतात. बोगनवेल आणि पपई यांना मुळाला हात लागलेला सोसत नाही. बोगनवेलीची फांदी कापून द्या, पपईचे बी द्या. कृष्णकमळही पेन्सिलएवढ्या जाड फांदीच्या तुकड्यावर सहज येते.

जुनी माती फेकवत नसेल तर ती पुढच्या एप्रिल-मेमध्ये ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवा. ठाण्यातले त्या दिवसांतले ऊन या कामाला पुरेसे आहे.

बेलापूर गावठाणातून: घरामागे कोकमाची दोन झाडे आहेत. मामेभावाने देवगडहून रोपे आणून दिली होती. दहावे वर्ष चालू आहे. फुले येतात, फळ एकही नाही. शेजारी म्हणतात झाड वांझ आहे, तोडा.

दादा, कोयता इतक्यात हातात घेऊ नका. कोकमात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि रोप लहान असताना पानावरून ते ओळखता येत नाही. तुमच्या वाट्याला दोन्ही नर आली असावीत. थंडीत फुले येतील तेव्हा एक फूल हातात घेऊन उघडा. आत नुसत्या पिवळ्या पुंकेसरांचा झुबका असेल तर झाड नर. मधोमध हिरवा गोल गाठीसारखा भाग असेल तर मादी.

झाडे नर निघाली तरी दहा वर्षांची मुळे फुकट घालवायची नाहीत. एक झाड वरून छाटून घ्या. फुटणाऱ्या नव्या धुमाऱ्यांवर चांगल्या मादी झाडाची काडी बांधता येते. हे काम मात्र हात बसलेल्या कलमकाराकडूनच करून घ्या. काडी सरळ वर वाढणाऱ्या शेंड्याची घ्यायला सांगा. आडव्या फांदीची घेतली तर कलम जन्मभर आडवेच पसरते. दुसरे झाड नर म्हणूनच राहू द्या, परागासाठी ते लागणारच आहे. नवीनच लावायचे असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने दिलेल्या 'कोकण अमृता' किंवा 'कोकण हातिस' या जातींची कलमे घ्या.

जायफळाचेही असेच आहे. म्हणून ही रोपे भेट देताना बियांचे की कलमाचे, आणि कलम असेल तर कोणत्या झाडाचे, एवढे सांगूनच द्या. दहा वर्षे खतपाणी घालून हाती काही न लागण्याचे दुःख मी या जिल्ह्यात अनेक परसांत पाहिले आहे, आणि दर वेळी रोप देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता.

वाशीहून एक वाचक लिहितात: सावंतवाडीच्या आत्याकडून मिरीच्या वेलाचा तुकडा आणला. चार वर्षांत वेल ग्रिलवरून खाली दोन मीटर लोंबतो आहे. पाने हिरवीगार, पण एकही घोस नाही. आत्याकडे सुपारीवर तोच वेल लगडतो.

वेल तोच आहे, फक्त तुमच्याकडे तो उलट्या दिशेने चालला आहे. मिरीला तीन तऱ्हेच्या फांद्या असतात. बुंध्याजवळून जमिनीवर सरपटत जाणाऱ्या, आधाराला पेऱ्यापेऱ्यातून मुळे रोवून वर चढणाऱ्या, आणि चढणाऱ्या खोडातून बाजूला फुटणाऱ्या. घोस लागतात ते फक्त बाजूच्या फांद्यांवर. वेल चढला तर त्या फुटतात, लोंबणारा वेल नुसता लांब होत राहतो. हात लावून पाहा, लोंबणाऱ्या तुकड्याच्या पेऱ्यांवर मुळांचे नुसते सुकलेले काटे असतील, धरायला काही न मिळाल्यामुळे वाळलेले.

कुंडीत जाड लाकडी खांब रोवा, त्याला काथ्या गुंडाळा आणि तो रोज ओला ठेवा. लोंबणारा वेल हातभर ठेवून कापा आणि खांबाला बांधा. कापलेल्या भागाचे दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे करून शेजाऱ्यांना द्या, त्यांना रोपे होतील. पण ती चढवावी लागतील आणि घोस दिसायला तिसरे वर्ष उजाडेल, हे देतानाच सांगा.

फ्लॅटसाठी माझा सल्ला झुडूप मिरीचा आहे. पुढच्या वेळी आत्याकडे जाल तेव्हा सरपटणारी फांदी न आणता घोस लागलेल्या वेलाची बाजूची, वर्षभराची, तीन ते पाच पेऱ्यांची फांदी आणा. तिला मुळे फुटायला महिना-सव्वा महिना लागतो आणि मुळे फुटवणारे संजीवक लावावे लागते, नाहीतर बऱ्याच फांद्या कुजतात. पण जगली की ती चढत नाही, कुंडीतच झुडपासारखी राहते आणि वर्ष-दोन वर्षांत घोस धरते. केरळातल्या पन्नियूर केंद्राची 1971 सालची 'पन्नियूर-1' ही जात यासाठी चांगली आहे. फुलोऱ्याच्या दिवसांत कुंडी पावसात ठेवा. घोसांवरून पाणी ओघळले तर दाणे चांगले भरतात, छपराखाली अर्धे घोस रिकामे राहतात.

पावसात मिरीच्या मुळाशी पाणी साचू देऊ नका. पाने अचानक काळी पडून गळू लागली की मर (मुळे कुजवणारा रोग) लागली समजा. पावसाआधी आणि पुन्हा ऑगस्टमध्ये एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा. घरच्यापुरते करायचे तर दहा ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, दहा ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यात, आणि मोरचुदाचे पाणी हळूहळू चुन्याच्या निवळीत ओतायचे. लोखंडी सुरीचे टोक बुडवून पाहा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे. मिश्रण त्याच दिवशी संपवा.

नेरूळहून: मुलगा थायलंडहून येताना शोभेच्या झाडांचे कंद आणू का विचारतो आहे.

कागदपत्रांशिवाय आणू नये. 2003 च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाईन) आदेशाप्रमाणे आयातीचा परवाना आणि तिकडच्या सरकारचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. हा नियम मला मनापासून पटतो. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मध्य अमेरिकेकडचा. 2008 साली तो कोइमतूरला आढळला आणि बघता बघता पपई, तुती, जास्वंद यांवर पसरला. 2010 साली परदेशातून त्याचा शत्रू असलेला इवलासा परोपजीवी कीटक आणून सोडावा लागला, तेव्हा कुठे तो आटोक्यात आला. हेलिकोनिया, अल्पिनिया, अँथुरियम यांचे भरपूर प्रकार इथल्या रोपवाटिकांत मिळतात. तिथूनच घ्या.

कोपरीहून: टबात वाढवलेली पाण्यातली झाडे फार झाली आहेत, तलावात सोडली तर चालतील का?

नाही. मासुंदा, उपवन किंवा कोणत्याही तलावात आणि खाडीत एक पानही सोडू नका. उल्हास नदी झाकून टाकणारी जलपर्णी ॲमेझॉनच्या खोऱ्यातून तिच्या सुंदर फुलासाठीच जगभर नेली गेली होती. जास्तीची झाडे उन्हात कडक वाळवा आणि मगच खतात टाका. दुसऱ्याला देताना गप्पी मासेही द्या, नाहीतर त्याच्या घरी डास होतील.

खारेगावहून एक काका विचारतात: भावाने दिलेल्या राजेळी केळीचे बेट छान झाले होते. आता नवी पाने अरुंद, ताठ, शेंड्याला गुच्छासारखी येत आहेत. कोणते खत कमी पडले? फेब्रुवारीत याच बेटाचे मुनवे सहा घरी दिले, त्यांची मात्र वाढ चांगली आहे.

काका, यात खताचा संबंध नाही. पानाचा देठ उजेडात धरून पाहा. गडद हिरव्या तुटक रेघा, तारेच्या संदेशातल्या टिंब-रेघांसारख्या, दिसल्या तर हा पर्णगुच्छ रोग आहे. तो विषाणूचा आहे, त्यावर औषध नाही, आणि तो काळ्या माव्यातून व मुनव्यांतून पसरतो. आधी बेटावर निंबोळी तेल आणि साबणाचे पाणी फवारून मावा मारा, मगच बेट तोडा. नाहीतर मावा उडून शेजारच्या केळीवर जाईल. खोड कापून थांबू नका. गड्डा खणून काढा, त्याचे तुकडे करा आणि उन्हात वाळवा. राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा रोगट मुनवाच फुटतो. त्या जागी फुटवे यायचे पूर्ण थांबेपर्यंत केळ लावू नका.

आणि ज्या सहा घरी मुनवे दिलेत, त्यांना आजच फोन करा. मुनवा वरून निरोगी दिसतो, रोग पुढच्या काही पानांत उघडा पडतो. त्यांना नव्या पानांचे देठ उजेडात धरून बघायला सांगा आणि त्या बेटांतून पुढे कुणाला मुनवे दिले असतील तर ती नावेही विचारून घ्या.